पहिल्याच राक्षसानं लोळवलं, त्याबद्दल

नमस्कार दादा,

तुम्ही आमच्या व्हिडिओ गेम खेळायच्या दुकानाला एक स्टार दिलात, वर चार तक्रारी लिहिल्यात. नवा गेम म्हणून जुना 'डेव्हिल मे क्राय 5' गळ्यात मारला, त्यातला मूळ हिरो डान्टे मिळेल म्हणून बसवलं आणि नीरो नावाचा भलताच हिरो दिला, कंट्रोलर खराब म्हणून पहिल्याच राक्षसानं मारलं, आणि एकट्याच्या गेमचे दोघांचे पैसे घेतले. त्या शनिवारी मी मिरजेला लग्नाला होतो, काउंटरवर पोरगा होता. पण दुकान माझं आहे, म्हणून उत्तर मीच देतो.

पैशाचं आधी. तुमचं शंभर टक्के बरोबर. 'डेव्हिल मे क्राय 5' एकट्यानं खेळायचा गेम आहे. आमचा दर माणशी 80 रुपये आहे, तो फुटबॉल आणि फायटिंगच्या गेमसाठी, जिथं दोघांच्या हातात कंट्रोलर असतो. तुमचा मित्र नुसता सोफ्यावर बसला होता. त्याचे 80 रुपये घ्यायला नको होते.

कंट्रोलरचंही निम्मं खरं निघालं. रात्री शटर ओढून मी तो उघडला. एल-टूचं बटण पुरतं दाबलंच जात नव्हतं, कारण खालच्या फटीत भडंगातल्या शेंगदाण्याची अर्धी डाळ अडकली होती. सांगलीत दुकान चालवायचं आणि भडंगाला बंदी करायची, हे मला अजून जमलेलं नाही. (डाळ बहुधा माझीच.) आता नीरोच्या तलवारीला बुलेटसारखी मूठ आहे, एल-टू दाबून रेस दिली की वार पेटतो. ते बटणच अडकल्यावर तुम्हाला गाडी ढकलत न्यावी लागली. त्याबद्दल माफी.

पण दादा, त्या पहिल्या राक्षसाकडून तुम्ही कंट्रोलरमुळे हरला नाहीत. तिथं हरायचंच असतं! सुरुवातीलाच सिंहासनावर बसलेला उरिझन समोर येतो, नीरोला लोळवतो आणि तिथून गोष्ट पुढं सरकते. खेळणाऱ्यानं आडवं पडावं म्हणूनच तो तिथं ठेवलाय. एखाद्या पट्टीच्या खेळाडूनं त्याला तिथंच पाडलं, तर वेगळा शेवट दाखवून गेम संपतो. म्हणजे तुम्ही जिंकला असता तर वीस मिनिटांत पडद्यावर नावं वर सरकायला लागली असती, आणि मग तुम्ही शून्य स्टार शोधत बसला असता.

हे पोरानं आधी सांगायला हवं होतं. त्यानं सांगितलं नाही, तो रील बघत होता.

डान्टेचं दुखणं मात्र आमच्या दुकानाच्या आधीपासूनचं आहे. 2008 मध्ये चौथा भाग आला तेव्हाही लोक डान्टेसाठी धावले आणि हातात नीरो आला. निम्म्यात डान्टे मिळाला, तर त्याला त्याच जागांतून उलटं फिरवलं, त्यावरून बोंबाबोंब झाली. 2013 मध्ये मूळ कंपनीनं हा गेम दुसऱ्या कंपनीकडून नव्यानं बनवून घेतला, त्यात डान्टेचे पांढरे केस काळे केले. गेम चांगला होता, मी स्वतः दोनदा संपवलाय, समीक्षकांनीही वाखाणला. पण जुन्या चाहत्यांनी ते केस आजतागायत माफ केलेले नाहीत. पाचव्या भागातही 20 मिशन आहेत आणि डान्टे हातात यायला जवळजवळ निम्मा गेम जातो. आमच्याकडं तिथपर्यंत खेळून ठेवलेली सेव्ह फाइल आहे. ती लावून द्यायला हवी होती, ही चूक आमची.

आता 'जुना'. पाचवा भाग मार्च 2019 चा आहे, आमच्याकडची स्पेशल एडिशन 2020 ची. एप्रिल 2025 मध्ये नेटफ्लिक्सवर याच नावाची मालिका आली, विश्रामबागेतली कॉलेजची पोरं रोज विचारायला लागली, म्हणून मी बोर्डावर 'नवीन' लिहिलं. ते आता पुसलंय. तरी माझ्या लेखी तो जुना होत नाही. आला तेव्हा दोन आठवड्यांत 20 लाखांवर प्रती गेल्या होत्या. त्याच वर्षी ऑगस्टच्या पुरात गावभागातलं आमचं पहिलं दुकान पाण्यात गेलं. दोन टीव्ही गेले, सोफा गेला. याची तेव्हाची साधी डिस्क माळ्यावर होती म्हणून वाचली. पुढं नव्या जागेत पहिल्यांदा तीच लावली.

तुम्ही आणखी एक ओळ लिहिलीत: 'पैसे देऊन वर डी ग्रेड, अपमान आहे.' दादा, एकच वार परत परत मारला की तो गेम किंमत देत नाही. तलवार, मग बंदूक, मग हवेत उडवून परत तलवार, असं बदलत राहिलं आणि मार खाल्ला नाही, तर डी वरून सी, बी, ए करत ट्रिपल एसपर्यंत चढतं. एस आला की मागचं गाणं धृपदावर येतं. ते पहिल्यांदा झालं तेव्हा मी काउंटरवरचं गिऱ्हाईक तसंच उभं ठेवलं होतं. तिसऱ्या भागात तर 2005 मध्ये जपानमधली 'हार्ड' पातळी अमेरिकेत 'नॉर्मल' म्हणून विकली, तिथले लोकही असेच चिडले, आणि पुढच्या वर्षीच्या स्पेशल एडिशनमध्ये कंपनीला ती खाली आणावी लागली. तेव्हा चिडण्यात तुम्ही एकटे नाही.

कधीही या, शक्यतो दुपारी चारच्या आत, तेव्हा गर्दी नसते. एक तास माझ्याकडून. आर-वन धरून स्टिक मागं ओढायची आणि त्रिकोण दाबायचा, की राक्षस हवेत जातो. तेवढं एक मी शेजारी बसून शिकवतो, पुढचं तुमचं तुम्ही बघा.

80 रुपये पाकिटात घालून काउंटरच्या वरच्या खणात ठेवलेत. तुमचं नाव माहीत नाही म्हणून पोरानं पाकिटावर 'डी ग्रेडवाले' असं लिहिलं होतं. ते मी त्याला खोडायला लावलंय.