फरशी खचली ती आमची चूक. पण ताई, स्विमिंग पूल रिकामा करू नका

ताई, नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. परसात काँक्रीटचा स्विमिंग पूल हवा असताना आम्ही फायबरचा गळ्यात मारला, तीन आठवडे सांगून सहा लावले, कडेची फरशी खचली आणि आठवड्याला चार बोटं पाणी कमी होतं म्हणजे पूल गळतोय, असं तुम्ही लिहिलंय. पूल रिकामा करून दुसऱ्याकडून तपासून घेणार, असंही शेवटी आहे. ते वाचून आधी तेवढंच सांगतो: कृपा करून पूल रिकामा करू नका. फायबरचा पूल म्हणजे जमिनीत बसवलेलं तयार भांडंच, ते आतल्या पाण्याच्या वजनानं जमिनीत बसून राहतं. ते पाणी काढलं की बाहेरच्या मातीचा दाब नुसत्या भिंतीवर येतो आणि भिंत आत फुगू शकते. त्यात वळवाचा जोराचा पाऊस झाला आणि बुडाखाली पाणी साचलं, तर अख्खं भांडं वर उचललं जातं. तपासणी भरल्या पुलातच होते, ती कशी ते खाली लिहिलंय.

फरशीचं सांगतो. ती पूर्णपणे आमची चूक आहे. भांड्याखालची काळी माती आम्ही मुरूम लागेपर्यंत काढली, पण कडेच्या फरशीखाली जेमतेम नऊ इंच काढून वर मुरूम टाकला. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात आपल्याकडच्या रानात भेगा पडतात त्या सगळ्यांनी पाहिल्यात. तेच तुमच्या फरशीखाली झालं. ती बाजू उचलून दोन फूट माती काढू, थराथरानं मुरूम टाकून पाणी मारून धुमसानं ठोकून घट्ट करू, फरशीचा उतार पुलाच्या उलट दिशेला देऊ आणि भांड्याच्या काठाला सांधा मोकळा ठेवू. खर्च आमचा.

उशिराबद्दलही माफी मागतो. मध्ये सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आली आणि गवंडी, हेल्पर मिळाले नाहीत. पण सोलापुरात धंदा करणाऱ्यानं जानेवारीतली तारीख देताना गड्डा धरायलाच हवा होता.

फायबरच्या निर्णयावर मात्र मी आजही ठाम आहे. तुमच्या परसात खड्डा घेतला तेव्हा पाच फूट काळी माती आणि खाली मुरूम निघाला. अशा जमिनीत काँक्रीटचा पूल होत नाही असं नाही. पण त्याला सळई जास्त, वॉटरप्रूफिंग, वर टाइल, आणि काँक्रीटला पूर्ण ताकद यायला २८ दिवस धरायचे. एवढं करून बाजूची माती हलली की काँक्रीट वाकत नाही, तडकतं. फायबर थोडं लवचीक असतं. लायनरचा, म्हणजे आतून प्लास्टिकचं अस्तर लावलेला पूल स्वस्तात झाला असता, पण लायनर फाटतं आणि काही वर्षांनी बदलावंच लागतं. जमिनीवर ठेवायचा फ्रेमचा पूल सगळ्यात स्वस्त, खोदाईच नाही. तो मी स्वतः नको म्हटलं, कारण सासूबाईंना गुडघ्यासाठी पाण्यात चालायचं होतं आणि त्या पुलात शिडी चढून उतरावं लागतं. तुमच्या पुलाला रुंद पायऱ्या आहेत, खोली सगळीकडे सव्वा मीटरच्या आत. पहिल्या दिवशी त्या दांडी धरून तिसऱ्या पायरीवर थांबल्या, मग हळूच पाऊल खाली टाकलं, ते मी पाहिलंय. माझं चुकलं ते एवढंच, की हे सगळं मी तुमच्या साहेबांना खड्ड्याच्या काठावर उभ्या उभ्या सांगितलं. तुमच्यासमोर बसून, कागदावर चारही प्रकार मांडून सांगायला हवं होतं.

आता पाणी. पूल ६ बाय ३ मीटर, म्हणजे १८ चौरस मीटर पाणी उघड्या उन्हात. आपल्या उन्हात आणि वाऱ्यात दिवसाला सेंटिमीटरभर पाणी नुसतं उडून जाऊ शकतं. तुमची चार बोटं म्हणजे आठवड्याला साधारण सव्वा हजार लिटर. नळाला काही दिवसांआड पाणी येतं तिथं हे किती लागतं याची मला जाणीव आहे. यावर उपाय कव्हरचा. ते आमच्या कोटेशनमध्ये अगदी शेवटी 'ऐच्छिक' म्हणून लिहिलं होतं. सोलापुरात ते ऐच्छिक धरायलाच नको होतं. आता तुम्हाला ते आमच्या खरेदीच्या भावात देतो.

तरीही गळती नाहीच, असं मी इथं बसून म्हणणार नाही. उद्या सकाळी एक करा. बादलीत पुलाचंच पाणी घेऊन ती पायरीवर अशी ठेवा, की आतलं आणि बाहेरचं पाणी एका पातळीत येईल. बादलीला आतून आणि बाहेरून पट्टी चिकटवून खूण करा. पंप बंद ठेवा, पुलात कुणी उतरू नका, पाणी भरू नका. २४ तासांनी दोन्हीकडे सारखंच उतरलं असेल तर ते उन्हानं गेलं. बाहेरचं जास्त उतरलं असेल तर कुठंतरी गळतंय, आणि ते शोधणं माझं काम.

परवा सकाळी आठला मी स्वतः येतो, सोबत गवंडी आणि पाइपलाइनला प्रेशर लावून बघायची मशीन असेल. बादली जागेवरून हलवू नका, दोन्ही खुणा मला बघायच्या आहेत.