धक्क्यांचा फेरफार

घरी आजोबांची राजदूत मोटारसायकल असेल, ती अजून किकला दाद देत असेल आणि तुमचं शेत पांदणीच्या पार टोकाला असेल, तर गाडी आहे तशी ठेवण्याचा करंटेपणा करू नका. पोलंडच्या एसएचएल गाडीवरून ती इकडे बनवणाऱ्यांनी मागे दोन शॉकप दिले, ते चाक वरखाली व्हावं म्हणून. आता चाकानं वरखाली का व्हावं? चाकानं गोल फिरावं.

सुरुवात तिथूनच करा. शॉकपमध्ये स्प्रिंग असते, ती धक्का झेलते. आत तेल असतं, ते बारीक भोकांतून जाता जाता स्प्रिंगचं नाचणं थांबवतं. धक्क्याची थोडी उष्णता होते आणि विषय मिटतो. तुमच्या दोनांपैकी एकाचं ऑइल सील गेलेलं असेलच. नवं सील टाकून काम भागतं, पण मग पानठेल्यावर सांगायला काय उरतं? त्यापेक्षा मेस्त्रीकडून नव्वद नंबरचं गिअरचं तेल भरून घ्या. तेल जाड, भोकं तीच. एकदा दबलेला शॉकप वर यायला इतका वेळ घेतो की तोवर दुसरा खड्डा येतो, मग तिसरा, आणि चौथ्याला तुम्ही थेट बंडीत बसलेले असता. बंडीत निदान बैल तरी पाहून पाय टाकतात.

तेलानं समाधान झालं नाही तर स्प्रिंगच्या वेटोळ्यांत जुन्या ट्यूबचे तुकडे कोंबा. खाली खाचांची कडी असेल तर ती फिरवून शेवटच्या खाचेवर न्या आणि 'स्प्रिंग कडक केली' असं जाहीर करा. खरं तर त्यानं स्प्रिंग कडक होत नाही, गाडीचा मागचा भाग तेवढा वर उचलला जातो. पण हे मेस्त्रीसमोर बोलू नका, पुढच्या वेळी तो प्लगसुद्धा साफ करून देत नाही.

माझ्या मेस्त्रीनं तर मुळावरच घाव घातला. एक शॉकप गळत होता, त्यानं दोन्ही काढले. मी विचारलं, दुसरा तर चांगला आहे. म्हणे, "शॉकप जोडीनंच बदला लागते भाऊ." नियम बरोबर आहे. त्यानं जोडीनंच बसवले, दोन लोखंडी पाइप. तेव्हापासून तेल गळत नाही.

आता सीट. युरियाचा कट्टा ४५ किलोचा. २०१८ पर्यंत तो ५० चा होता, पाच किलो कमी झाले ते बहुधा तुमच्या मडगार्डची कीव येऊन. असे दोन कट्टे आणि घरची लक्ष्मी मावायची तर सीट हातभर मागे न्यावी लागते. सीटखालच्या नाजूक पट्ट्या काढून फेकून द्या आणि दीड इंची अँगल थेट चेसिसच्या नळीला वेल्ड करा. ओझं मागच्या अ‍ॅक्सलच्या पलीकडे गेलं की पुढचं चाक हलकं होतं. चढावर ते वळायचं की नाही, हे स्वतःच ठरवतं. गावात याला 'हँडल एकदम लोण्यासारखं' म्हणतात. सहा महिन्यांनी नळीला चीर पडेल, पण वेल्डिंगवर नाही, त्याला लागून, जिथं आचेनं लोखंड बिघडलेलं असतं तिथं. मेस्त्री अभिमानानं बोट ठेवेल, "पाहा, माह्यं वेल्डिंग जागचं हाललं नाही." मग त्या चिरेवर आणखी एक अँगल. दोन-तीन पोळे असे गेले की मूळ चेसिस कुठली, हे वजनकाट्यावरच कळतं.

कायद्याची काळजी करू नका, त्यानं तुमचा वेगळा विचार केलेला आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असल्या फेरफाराला मनाई करतं, आणि २०१९ पासून दर फेरफारामागे पाच हजारांच्या दंडाची सोय आहे. एका अँगलला एकदा मोजायचं की चार वेल्डिंगना चारदा, हे आरटीओला विचारायला मी गेलो नाही. शिवाय २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'विंटेज' नोंदणी देऊ केली आहे. वीस हजार भरा, वेगळी नंबरप्लेट मिळते. अट एवढीच की चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल केलेला नसावा, आणि रोजच्या कामाला गाडी वापरायची नाही. युरिया आणणं रोजच्या कामात येत नसावं, तो मिळतोच कुठं रोज.

सातबाऱ्यावर जसा फेरफार होतो, तसा हा धक्क्यांचा फेरफार. धक्का नाहीसा होत नाही, नाव बदलतं. आधी तो तेलाच्या नावे होता, आता मागं बसणारीच्या. आमच्याकडे तिनं पहिल्याच फेरीत, नाल्याच्या अलीकडे, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाली, "तुमी व्हा पुढं, मी येतो पायी." मी पंपापाशी पोचलो, चेन उतरली होती ती चढवली, तोवर ती आलीच.

मागच्या महिन्यात नागपूरहून एक हौशी गृहस्थ गाडी बघायला आले. आजूबाजूनं फिरले, अँगलकडे बघून गप्प झाले, मग एवढंच विचारलं, "ओरिजनल शॉकप आहेत का?" आहेत ना. गळका भंगारात गेला, चांगला मी गोठ्याच्या फाटकाला आड लावलाय. वारा सुटला तरी फाटक आदळत नाही. बकरीसुद्धा दचकत नाही.