पाच लाखांचं कवच आणि कोपीत राहिलेलं रेशनकार्ड

साहेब, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, म्हणून उत्तराला चार दिवस लागले. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की १८ वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला, आईबापाचं कार्ड कुठलं हे न विचारता, आरोग्याचं कवच मिळालं पाहिजे आणि त्यात दवाखान्यात भरती न होता घ्यायची औषधंही धरली पाहिजेत. त्यावर तुम्ही लातूरहून लिहिलंत: "ताई, भावनेच्या भरात लिहू नका. १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या प्रत्येक कुटुंबाला ५ लाखांपर्यंत उपचार मोफत आहेत. विमा नसलेलं मूल आता उरलंच कुठं? कर्जमाफीनं लोकांना फुकटाची सवय कशी लागली ते मी बँकेत ३५ वर्षं पाहिलंय. शेवटी पैसा खासगी दवाखान्यांच्या घशात जाणार. त्यापेक्षा सरकारी दवाखाने सुधारा."

योजनेबद्दल तुम्ही लिहिलंय ते खरं आहे. जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपल्याकडचा नांदेड होता. तेव्हा मर्यादा दीड लाखाची होती. २०१७ साली तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांतल्या पांढऱ्या (जास्त कमाईच्या घरांच्या) रेशनकार्डाच्या शेतकऱ्यांना तर बाकीच्यांच्या आधी त्यात घेतलं गेलं. हृदयाला भोक असलेलं, योजनेतून ऑपरेशन झालेलं एक पोरगं आता सायकलवर माझ्या दुकानात येतं. या योजनेला नावं ठेवायचा माझा विचार कधीच नव्हता.

पण विमा नसलेलं मूल उरलंच कुठं, असं तुम्ही विचारलंत. ते मी २०२४ च्या डिसेंबरात पाहिलं, म्हणजे तुमची १ जुलै होऊन गेल्यावर.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं मेडिकल आहे. संध्याकाळी एक आजी चार वर्षांच्या नातीला कडेवर घेऊन आली. लेकराची छाती आत ओढत होती, नाकपुड्या फुगत होत्या. इथल्या डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला आणि लगेच मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. आजीला एकटीला कसं सोडायचं, म्हणून मी शटर ओढलं आणि गाडीत बसले. दवाखाना योजनेतला होता. (नाव लिहीत नाही, कारण प्रश्न त्या एका दवाखान्याचा नाही.) काउंटरवरचा आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे कागद बघणारा, चांगला पोरगा होता. त्यानं अंगठ्याचं मशीन पुढं केलं, मग रेशनकार्ड मागितलं.

"कार्ड पोरापशी हाय माय, पोरगं कारखान्यावर," आजी म्हणाली.

पोरगा आणि सून दसऱ्यानंतर कोयत्यावर, म्हणजे साखर कारखान्याचा ऊस तोडायला गेलेले. कार्ड तिथल्या कोपीतल्या, म्हणजे फडाजवळच्या झोपडीतल्या पेटीत. नंबर टाकून ऑनलाइन पाहिलं, तर कार्ड सुनेच्या थोरल्या दिराच्या नावावर आणि त्यात या पोरीचं नावच नाही. आरोग्यमित्र म्हणाला, जन्माचा दाखला आणि आईबरोबरचा फोटो असला तरी मी वर पाठवून बघतो. पण पोर जन्मली होती उसाच्या फडात, दुसऱ्या जिल्ह्यात. नोंद ना तिथं झाली, ना परत आल्यावर इथं. आई दोनशे किलोमीटरवर. मजुरांना तोडीला नेणाऱ्या मुकादमाच्या फोनवरून रात्री अकराला कार्डाचा फोटो आला. अक्षर लागत नव्हतं, आणि लागलं असतं तरी त्यात पोरीचं नाव नव्हतंच. तोवर ऑक्सिजन सुरू झाला होता, हे त्या डॉक्टरांचं मोठेपण. पण सकाळी २० हजार भरायला सांगितले.

पोर वाचली. पैसे मुकादमानं दिले आणि आईबापाच्या उचलीवर, म्हणजे मोसमाआधी घेतलेल्या आगाऊ पैशांवर चढवले.

यातली एक गोष्ट मला अजून सोडत नाही. आठवड्यानं मी त्यांच्या गावच्या अंगणवाडीत गेले होते. सेविकेच्या रजिस्टरात त्या पोरीचं नाव होतं. तिचं वजन, दंडाचा घेर, गोवरच्या लसीची तारीख, सगळं निळ्या शाईत नीट लिहिलेलं. म्हणजे सरकारच्या एका वहीत ती पोर पूर्ण आहे आणि दुसऱ्या वहीत ती जन्मलीच नाही. तुम्ही बँकेतले. एका शाखेत खातं सापडतं आणि दुसऱ्या शाखेत त्याच माणसाला ओळखत नाहीत, असं झालं तर दोष तुम्ही खातेदाराला दिला असता का?

म्हणून माझं म्हणणं आहे की कवच कुटुंबाच्या कार्डावर टांगू नका, लेकराच्या स्वतःच्या नावावर द्या. जन्माचा दाखला असेल तर त्यावर. नसेल तर अंगणवाडीची, शाळेची नोंद धरा, उपचार सुरू करा आणि दाखल्याचा अर्ज तिथल्या तिथं भरून घ्या. हे जमण्यासारखं आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या कुणालाही, श्रीमंत असो की गरीब, आयुष्मान योजनेत नुसत्या वयावर घेतात. आधारवरचं वय एवढाच दाखला. ते मला मनापासून पटलं, माझ्या आईचं कार्ड मीच काढून आणलं. मग जे ७० च्या वर चालतं ते १८ च्या खाली का चालू नये?

आता औषधांचं. हा भाग माझ्या रोजच्या पोटापाण्याचा आहे, म्हणून जरा रागानं लिहिते. महात्मा फुले आणि आयुष्मान या दोन्ही योजना मुख्यतः भरती झालेल्या रुग्णासाठी आहेत. फिट येणाऱ्या मुलाला रोज सकाळ-संध्याकाळ व्हॅलप्रोएटचं पातळ औषध लागतं. सरकारी दवाखान्यात असतं तेव्हा फुकट मिळतं. संपलं की बाहेरची चिठ्ठी. मग बाप माझ्यापुढं उभा राहतो आणि विचारतो, "लहान बाटली नाही का?" काही जण पाच मिलीच्या जागी तीन मिली पाजतात, म्हणजे महिना ओढला जातो. औषध असं तुटलं की कधी कधी फिट थांबतच नाही, आणि लेकरू आयसीयूत जातं. तिथं योजना लागू होते, हजारो रुपये मंजूर होतात. ज्या बाटलीनं हे टळलं असतं तिला मात्र एक रुपया नाही. दम्याचा पंप, लहानपणी मधुमेह झालेल्या पोराचं इन्सुलिन आणि साखर तपासायच्या पट्ट्या, सगळ्यांची हीच गत. पाच दिवसांचं अँटिबायोटिक लिहिलेलं असतं आणि लोक दोन दिवसांचं मागतात. मी समजावते, कधी उधारीवर देते. माझ्यासारख्या एका दुकानाच्या उधारीवर किती लेकरं निभणार?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे की, असं तुम्ही म्हणाल. आहे, आणि चांगला आहे. २०१३ साली त्याची सुरुवात आपल्याच राज्यात, पालघरला झाली. डॉक्टरांची गाडी वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. पण ऊसतोडीच्या मोसमात ती आली, तर आमच्या भागातली कितीतरी लेकरं तेव्हा फडात असतात.

फुकटाच्या सवयीबद्दल. साहेब, कर्जमाफीवर तुमच्याशी वाद घालायची माझी पात्रता नाही. पण ते २० हजार फुकट नव्हते. त्या पोरीच्या बापानं त्या वर्षी ठरवलं होतं की पट्टा पडला, म्हणजे मोसम संपला, की पुन्हा कोयत्यावर जायचं नाही, गावात शेळ्या पाळायच्या. उचल फिटली नाही, म्हणून दोघं पुढच्या मोसमालाही गेले आणि या वेळी पोरीलाही बरोबर नेलं. अंगणवाडी सुटली. जबाबदारी न घेणारे आईबाप मी पाहिलेत, दारू पिणारेही पाहिलेत. पण त्याची शिक्षा चार वर्षांच्या लेकरानं भोगावी, हे तुम्हालाही मान्य होणार नाही अशी माझी खात्री आहे.

पैसा कुठून आणायचा? अमेरिकेत १९९७ साली मुलांसाठी वेगळी विमा योजना काढली. आईबापाची कमाई गरिबांच्या सरकारी योजनेसाठी जास्त, पण खासगी विम्यासाठी अपुरी, अशा घरांतल्या मुलांसाठी ती होती. तिच्यासाठी सिगारेटवरचा कर वाढवला, २००९ साली पुन्हा वाढवला. जानेवारी २०२४ पासून तिथं नियम आहे की मूल एकदा पात्र ठरलं की सलग १२ महिने त्याचं कवच सहसा काढता येत नाही, घरची कमाई मध्येच बदलली तरी. माझ्या दुकानासमोर पानटपरी आहे. तंबाखूच्या पुड्यांवर दिवसाला किती पैसे जातात ते मी बसल्या जागेवरून बघते. तिथला कर लेकरांच्या औषधाला बांधून टाकला तर माझी काही तक्रार नाही. शिवाय २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात आरोग्यावरचा सरकारी खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचं लिहिलेलं होतं. तिथवर आपण पोचलेलो नाही.

सरकारी दवाखाने सुधारा, हे तुमचं म्हणणं मात्र मला शंभर टक्के मान्य. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यातली १२ नवजात बाळं होती. ती बातमी वाचल्यावर खाट, नर्स आणि औषध नसेल तर कार्डाचा काय उपयोग, हे कुणी सांगायची गरज राहिली नाही. मागच्या लेखात मी हे लिहायला हवं होतं, राहून गेलं. फक्त या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात असं मला वाटत नाही. योजनेतले उपचार घाटीत (छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात) किंवा अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात झाले, तर दाव्याचे पैसे त्याच सरकारी रुग्णालयाला मिळतात. मुलांच्या खाटा तिथं वाढल्या तर पैसा खासगीकडं जायचं कारणही कमी होईल.

एक विनंती आहे. दसऱ्यानंतर गाड्या भरायला लागतात. त्याआधीचे चार रविवार मी, दोन आशाताई आणि ती अंगणवाडी सेविका मिळून लेकरांची नावं रेशनकार्डावर चढवायचे आणि राहिलेल्या जन्मनोंदींचे अर्ज भरून घेणार आहोत. गेल्या वर्षी आमचे बरेच अर्ज बारीकसारीक चुकांनी परत आले. कुठं आईचं नाव आधारपेक्षा वेगळं, कुठं तारीख खोडलेली. तुम्ही ३५ वर्षं असले कागद तपासलेत. एक रविवार आलात तर बरं होईल. लातूरहून सकाळची एसटी आहे, आणि दुकान स्टँडच्या मागेच आहे.