दगड गाडणारे आणि राखणारे

कुठेही दोन देशांत गोळीबार थांबला की आमच्या गावच्या ग्रुपवर मेसेज ठरलेला : "युनोचं सैन्य बसवा, विषय कट." मला दर वेळी बाद्मे आठवतं.

बाद्मे म्हणजे पूर्व आफ्रिकेत इथिओपिया-इरिट्रियाच्या सीमेवरचं धुळीचं खेडं. ना तेल, ना सोनं. मे १९९८ मध्ये तिथे ठिणगी पडली आणि दोन वर्षांत सत्तरेक हजार माणसं गेली असा अंदाज आहे. डिसेंबर २००० मध्ये अल्जियर्सला करार झाला, युनोचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान आणि अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री मॅडलिन ऑलब्राइट यांच्या साक्षीने. इरिट्रियाच्या हद्दीत २५ किलोमीटर रुंदीचा पट्टा मोकळा सोडायचा आणि त्यावर निळ्या टोप्यांची, म्हणजे युनोच्या शांतिसैनिकांची नजर. त्यात आपली भारतीय पलटणही होती बरं का. सीमा ठरवायला पाच जणांचा आयोग. त्याचा निवाडा अंतिम आणि दोघांनाही बंधनकारक.

शिंदखेडा तालुक्यात आमच्या वावराची मोजणी झाली तेव्हा मोजणीदाराने जुनं टिपण काढलं, निंबाजवळ दगड रोवायला लावला, पंचांच्या सह्या घेतल्या. नाना बांधावर बसून तंबाखू मळत होते. म्हणाले, "दगड तुम्ही गाडशात, मंग राखी कोन?"

आयोगाचंही टिपण जुनंच होतं : इरिट्रियावर इटलीचं राज्य होतं तेव्हाचे १९००, १९०२ आणि १९०८चे तह. एप्रिल २००२ मध्ये निकाल लागला, त्यानुसार बाद्मे इरिट्रियाच्या वाट्याला. इथिओपियाने गाव सोडलं नाही. गंमत म्हणजे नुकसानभरपाईच्या दुसऱ्या आयोगाने पुढे २००५ मध्ये सांगितलं, की १९९८चा पहिला बेकायदा हल्ला इरिट्रियाचाच. म्हणजे बांध ज्याचा, आधी काठी उगारली तीही त्यानेच!

इरिट्रियाने राग काढला तो राखणदारावर. २००५ मध्ये युनोची हेलिकॉप्टरं बंद केली, मग डिझेल तोडलं. डिझेलविना गस्त कशी घालणार? जुलै २००८ मध्ये मोहीमच गुंडाळली.

लोक म्हणतात, युनो नामर्द. मला हे पटत नाही. त्या जवानांना नजर ठेवायला पाठवलं होतं, कुणाला गावातून हुसकायला नाही. माझा राग साक्षीदारांवर आहे. निकाल धुडकावला गेला तेव्हा ते खाली मान घालून बसले. अमेरिकेला तर शेजारच्या सोमालियातल्या लढाईसाठी इथिओपिया हवा होता, मग त्याला दुखवणार कोण? आमचे पंचही तसेच. सहीला चहा पिऊन गेले, नंतर बोलवायला गेलो तर एकाच्या घरी लग्न, दुसऱ्याचे गुडघे दुखत होते.

२०१८ मध्ये इथिओपियाचे पंतप्रधान आबी अहमद यांनी निकाल मान्य केला, दोन्ही देशांचे नेते गळ्यात गळे घालून भेटले, २०१९ला आबींना शांततेचं नोबेल मिळालं. सीमा उघडली, काही महिन्यांत नाकी पुन्हा बंदही झाली.

आमचा दगड पहिल्याच पावसाळ्यात निंबाखालून गेला. सध्या चुलत्यांच्या मोरीत आहे. काकू त्यावर कपडे आपटते, मला चहाही विचारते.