जळक्या बेटावरून, जरा रागातच

आज सकाळी गाडीत बसल्याबसल्या आमच्या इथल्या, म्हणजे स्कॉटलंडमधल्या मराठी मंडळींचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडला आणि एडिंबराचं हेमार्केट स्टेशन येईपर्यंत डोकं तापलं. पुण्याहून एक जोडपं येतंय, एप्रिलमध्ये. नोकरी एडिंबरात, साऊथ गाईलला. मुलगा चार वर्षांचा. बिचारीने साधं विचारलं होतं, "घर कुठे बघू?" तासाभरात चाळीस मेसेज. कॅचमेंट (कुठल्या पत्त्याला कुठली शाळा), कॅचमेंट आणि कॅचमेंट. कुठल्याशा पेपरात आलेली शाळांची यादी, तिच्यावर लाल गोल. 'सेफ एरिया' कुठला यावर सहा जणांची सात मतं. आणि मग एक दादा, ज्यांच्याकडे मी दरवर्षी गणपतीला मोदक हाणते, ते लिहितात: "फाइफकडे अजिबात बघू नका. पुलापलीकडे सगळी बेनिफिटवर जगणारी पब्लिक." (बेनिफिट म्हणजे सरकारी भत्ता, आणि फाइफ म्हणजे एडिंबरासमोरच्या खाडीवरच्या पुलापलीकडचा भाग.)

दादा, मी पुलापलीकडेच राहते. विसरलात का?

हे वाक्य मी आयुष्यात आधीही ऐकलंय, फक्त पूल नव्हता, बोगदा होता. मी डोंबिवलीची. आमची पार्ल्याची मावशी माझ्या आईला म्हणायची, "पारसिकच्या बोगद्यापलीकडे कोण येणार गं तुमच्याकडे?" खरंच यायची नाही. आम्हीच जायचो, दिवाळीचा डबा घेऊन, दोन गाड्या बदलून. बाबांनी एकतीस वर्षं डोंबिवली ते व्हीटी केलं आणि मावशीच्या लेखी ते कायम 'लांब राहणारे' राहिले. कशापासून लांब, हे तिने कधी सांगितलं नाही. साता समुद्रापलीकडे येऊन आपण काय केलं, तर नवं पार्लं आणि नवी डोंबिवली शोधून काढली. ग्लासगोवाल्यांनी तर न्यूटन मर्न्स या उपनगराचं केव्हाच पार्लं करून टाकलंय.

आमच्या गावाचं नाव बर्न्टआयलंड. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "जळकं बेट? असल्या नावाच्या गावात घर घेतलंस? निदान आधी शांत तरी करून घे." बेटबीट काही नाही, चांगली जमिनीला जोडलेली जागा आहे. समोर फोर्थची खाडी आणि तिच्या पलीकडे अख्खं एडिंबरा. रात्री स्वयंपाकघरातून ऑफिसच्या गावाचे दिवे दिसतात. गाडीने चाळीसेक मिनिटं. मध्ये ॲबरडॉर, मग इन्व्हरकीथिंग, मग तो १८९० सालचा लाल पूल. मी रोज त्यावरून जाते आणि अजूनही फोनमधून मान वर काढते.

पण ही गोष्ट मला सांगायची नव्हती. सांगायचीय ती थालीपिठाची.

लेकीला इथल्या नर्सरीत घातलं तेव्हा एक फॉर्म आला. इमर्जन्सी कॉन्टॅक्ट, आईवडील सोडून दोन नावं. पहिल्या ओळीत लिव्हिंग्स्टनची मैत्रीण लिहिली, जी गाडी घेऊन निघाली तरी पाऊण तासाने पोचेल. दुसरी ओळ कोरी. तो फॉर्म तीन दिवस फ्रिजवर चुंबकाखाली लटकत होता आणि पाणी प्यायला गेलं की ती कोरी ओळ दिसायची. डोंबिवलीत त्या ओळीसाठी बिल्डिंगमधल्या बायकांची भांडणं झाली असती.

चौथ्या दिवशी शेजारच्या आजी दारात. आम्ही कचऱ्याचा चुकीच्या रंगाचा डबा बाहेर ठेवला होता, त्याबद्दल झापायला. झापून झाल्यावर मला म्हणाल्या, "चहा टाकतेस का, हेन?" हेन! मला वाटलं कोंबडी म्हणाल्या. इकडे बायकांना प्रेमाने तसं म्हणतात हे मला दोन महिन्यांनी कळलं. चहा पिता पिता त्यांनी फ्रिजवरचा फॉर्म वाचला (चोंबडेपणा सगळीकडे सारखाच) आणि म्हणाल्या, "माझं लिही की." नर्सरीला एक पासवर्डही द्यायचा असतो, म्हणजे दुसरं कोणी घ्यायला आलं तर त्याने तो सांगायचा. मी लिहिलं, थालीपीठ. म्हटलं, हा शब्द पूर्ण फाइफमध्ये कोणाला माहीत असणार नाही. तो शब्द आजींनाही म्हणता येणार नाही, हे डोक्यातच आलं नाही.

असो. त्याच्याकडे परत येते.

मुळात लोक घर बघताना सकाळची गाडी बघतात. किती मिनिटांत वेव्हर्ली, म्हणजे एडिंबराचं मुख्य स्टेशन, बस्स. अरे, सकाळी सगळेच पोचतात! संध्याकाळचं बघा. डिसेंबरमध्ये पावणेचारला सूर्य गडप. पाचला ऑफिसमधून निघालात की काळोख, पाऊस आणि पूर्वेचा वारा, तिन्ही एकदम. त्या वेळी स्टेशनपासून घर पायी किती, चढ की उतार, वाटेत एखादं दुकान उघडं असतं का? हे आमच्या ग्रुपवर चाळीस मेसेजात एकानेही विचारलं नाही. जूनमध्ये रात्री दहाला उजेड असतो, तेव्हा घर बघायला येऊ नका. तेव्हा इथे सगळंच गोव्यासारखं दिसतं.

माझी एक मैत्रीण गॅलाशील्सला गेली, बॉर्डर्समध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सीमेकडे. तिकडची रेल्वे १९६९ साली बंद केली होती, २०१५च्या सप्टेंबरात ट्वीडबँकपर्यंत परत सुरू झाली. डोंगर, मेंढ्या, नदी, स्वस्त घर. पण रूळ बहुतेक ठिकाणी एकेरी, म्हणजे एक गाडी लेट झाली की समोरचीही लेट. ती तरी खूश आहे. एकजण डनबारला, त्याला इथे 'सनी डनी' म्हणतात, आणि तो रोज उन्हाचे फोटो टाकून आम्हाला छळतो. ईस्ट लिंटनला २०२३च्या डिसेंबरात स्टेशन परत उघडलं, लेव्हनला २०२४च्या जूनमध्ये. पन्नास-साठ वर्षं बंद पडलेली स्टेशनं परत जिवंत करतायत इथे, आणि आमचा ग्रुप अजून 'पुलाअलीकडे की पलीकडे' वर अडकलेला. २०२५च्या सप्टेंबरपासून पीक अवरचं जादा भाडंही गेलं, म्हणजे सकाळी आठचं तिकीट आणि दुपारी बाराचं तिकीट एकाच किमतीला. त्याचा कोणी एका ओळीत उल्लेख केला? नाही. लाल गोल काढले.

बरं, मान्य करते. शाळा बघावी लागते. पत्त्यावरून शाळा ठरते, दुसरी हवी तर अर्ज करा आणि जागा असेल तर मिळवा. मीही बघितली होती. झालं समाधान?

आणि आम्ही काही साधुसंत म्हणून इथे आलो नाही. आम्हालाही एडिंबराच हवं होतं. दोनदा प्रयत्न केला. इकडची घर घ्यायची पद्धत म्हणजे बंद पाकिटातला लिलाव. किंमत लिहिलेली असते 'ऑफर्स ओव्हर', म्हणजे याच्या वर बोला. किती वर ते तुमच्या नशिबावर. क्लोजिंग डेटला दुपारी बाराच्या आत वकिलामार्फत आकडा द्यायचा, दुसऱ्याने काय दिला ते कळत नाही. आणि बँक कर्ज देते ते होम रिपोर्टमधल्या, म्हणजे सर्व्हेअरने ठरवलेल्या किमतीवर. वरचे सगळे तुमच्या खिशातून, रोख. गोर्गीच्या एका फ्लॅटला आम्ही सात हजार पौंड वर दिले, फार शूर वाटलं. घर गेलं तीस हजार वर. त्या रात्री नवऱ्याने नकाशा उघडला, एडिंबरावर बोट ठेवलं आणि ते हळूहळू पाण्यापलीकडे सरकवलं. दोन बेडरूमच्या पैशांत तीन आल्या, आणि वर समुद्र.

तर थालीपीठ. आमचा दुसरा हिवाळा, जानेवारी. नवरा ॲबर्डीनला. मी पाचला निघाले, वादळ वाढत गेलं आणि गाडी इन्व्हरकीथिंगला थांबली. पुढे जाणार नाही म्हणाले. नर्सरी सहाला बंद. टॅक्सीच्या रांगेत माझ्यापुढे पन्नासेक माणसं, फोनची बॅटरी नऊ टक्के. लिव्हिंग्स्टनची मैत्रीण फोन उचलेना. दुसरी ओळ. आजींना फोन लावला, शब्द सांगितला. त्या म्हणाल्या, "परत सांग." परत सांगितला. "परत." मी पन्नास माणसांसमोर ओरडून थालीपीठ, थालीपीठ म्हणतेय, आणि एक टक्का एक टक्का कमी होतोय.

आजी गेल्या. वय अठ्ठ्याहत्तर, वाऱ्यात भिंतीला धरून धरून, वीस मिनिटं. नर्सरीतल्या मुलीला म्हणाल्या, "टॅलीपीट." ती मुलगी म्हणाली, हे बरोबर नाहीये. आजी म्हणाल्या, "टोलीपॅट?" आतून माझी लेक ओरडली, "थालीपीठ!!" आणि ती मुलगी हसून हसून खाली बसली, असं मला नंतर दोघींनीही वेगवेगळं सांगितलं. मी साडेनऊला पोचले तेव्हा लेक आजींच्या सोफ्यावर झोपलेली, गालाला बीन्सचा सॉस, पायाशी त्यांचा म्हातारा कुत्रा. मी दारातच रडायला लागले. आजी म्हणाल्या, "बूट काढ आधी, कार्पेट ओला होतोय."

हीच ती, पुलापलीकडची पब्लिक.

आजींचे यजमान आयुष्यभर इथल्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यात होते. तो २००२ साली बंद झाला. त्याआधी जहाजं बांधायची गोदी गेली, आसपासच्या खाणी गेल्या. मग काही घरं बेनिफिटवर आली, हो, आली! माझे परळचे मामा गिरणीत होते. १९८२च्या संपानंतर त्यांनी चहाची टपरी टाकली, ती चालली नाही, मग काही वर्षं बहिणींच्या पैशांवर काढली. त्यांना कुठली पब्लिक म्हणायचं, दादा? सांगा ना. आपण नोकरीच्या व्हिसावर, बॅग भरून, कंपनीच्या खर्चाने आलेली माणसं. ज्यांच्या पायाखालून गाव सरकलं त्यांना नाकं मुरडायला आपल्याला काय जातंय!

चहा करून आले. जरा शांत झालेय.

एकदा बसस्टॉपवर चार पोरांनी मला उद्देशून घाणेरडं काहीतरी म्हटलं होतं, तेही इथेच घडलंय, लपवत नाही. पण तसंच मला एडिंबरातही ऐकावं लागलंय, आणि तेव्हा मधे कोणी पडलं नव्हतं. इथे चिप्सच्या दुकानातल्या बाईने बाहेर येऊन त्या पोरांच्या आयांची नावं घेतली.

आणि मेथी. मेथी मिळत नाही इथे. त्यासाठी एडिंबरातलं लीथ वॉक गाठावं लागतं आणि संध्याकाळच्या गाडीत मेथीच्या जुड्या घेऊन बसलं की लोक वास घेतात. डोंबिवलीच्या गाडीत बायकांनी ती ठाणं यायच्या आत निवडून दिली असती. इथला डबा गप्प. मरीफील्डला रग्बीची मॅच असली की हेमार्केटला 'भयंकर गर्दी' म्हणून लोक कुरकुरतात, ती गर्दी म्हणजे आमची रविवार दुपार. पण दोन हिवाळे एकाच डब्यात काढले की माना हलायला लागतात. आता एकजण माझ्यासाठी खाडीच्या बाजूची खिडकी धरून ठेवतो. त्याचं नाव मला माहीत नाही.

आमच्या गावाचं आणि ये-जा करण्याचं नातं फार जुनं आहे, बरं का. पूल नव्हता तेव्हा, १८५० साली, ग्रँटनहून मालगाडीचे डबेच्या डबे बोटीवर चढवून इथे उतरवायचे. जगातली पहिली आधुनिक तसली फेरी म्हणतात तिला. आणि त्याच्याही आधी, १२८६ सालच्या मार्चमध्ये, तिसरा अलेक्झांडर राजा एडिंबरातली मीटिंग संपवून वादळात बायकोकडे किंगहॉर्नला निघाला. सगळे म्हणत होते, आज नको. ऐकलं नाही. खाडी ओलांडली, पुढे अंधारात चुकला, आणि सकाळी कड्याखाली मेलेला सापडला. त्याचं स्मारक आमच्यापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर आहे. लेक त्याला 'गाडी चुकलेला राजा' म्हणते. त्या रात्री इन्व्हरकीथिंगच्या रांगेत मला हा राजा माहीत नव्हता, हे बरंच झालं.

हे लिहीत असतानाच त्या पुण्याच्या मुलीचा वेगळा मेसेज आला. "ताई, ग्रुपवर विचारायला संकोच वाटला, तुमच्याकडे खरंच कसं आहे?" मी तिला लिहिलंय, एप्रिलमध्ये आलात की पहिल्या शनिवारी आमच्याकडे या, स्टेशनपासून घरापर्यंत चालवत नेते, पाऊस असला तर उत्तमच. मग लिव्हिंग्स्टन बघ, डनबार बघ, एडिंबरातही बघ. तुला पटेल ते घे. आणि कुठेही गेलीस तरी घर बघताना शेजारचं दार वाजवून ये. तिने अंगठा पाठवला. पुणेरी आहे, यापेक्षा जास्त उत्साहाची अपेक्षा नाही.

आजी आता ब्याऐंशीच्या. मागच्या महिन्यात त्यांच्या गळ्यात ते पडल्यावर दाबायचं बटण आलं. त्याच्याही फॉर्मवर नावं लागतात, किल्ली कोणाकडे म्हणून. मुलगा कॅनडात. माझं नाव त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, स्पेलिंगच्या तीन चुका करून. मी दुरुस्त केलं नाही.

दादा, ही पोस्ट तुम्ही वाचणार हे मला ठाऊक आहे. रागावू नका, किंवा रागवा. गणपतीला मी येणारच. फक्त मोदक सहा जास्त करा, या वेळी पुलापलीकडून आजीही येतायत.