टक् वाजलं म्हणजे चाकू लॉक झाला असं नाही

‘घडीचा चाकू घेताय? या पाच गोष्टी दुकानदार सांगणार नाही’ असा मेसेज सध्या पुण्यातल्या ट्रेकिंग ग्रुपांवर फिरतोय. मी तो वाचून सोडून दिला होता. पण तो माझ्या मेहुण्यांपर्यंत पोचला, त्यांनी घरच्या ग्रुपवर टाकला आणि त्यातल्या पहिल्याच मुद्द्यावर विसंबून माझ्या भाचीनं आकाशकंदिलाच्या कामटीला स्विस चाकूच्या टोकानं भोक पाडायला घेतलं. पातं मिटलं आणि तर्जनीला टाके पडले. म्हणून आता एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा असा: ‘पातं पूर्ण उघडल्यावर टक् वाजलं की लॉक बसला. मग चाकू मिटूच शकत नाही. स्विस आर्मीसुद्धा हाच लॉक वापरते.’

हे धडधडीत खोटं आहे. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या, मिटवल्यावर 91 मिलिमीटर भरणाऱ्या स्विस चाकूला लॉक नसतोच. मुठीच्या पाठीकडे पोलादाची एक पट्टी असते, तीच त्याची स्प्रिंग. पात्याचं बूड रिव्हेटवर फिरतं आणि त्या बुडाला सपाट कडा असतात. पातं फिरवायला लागलं की बुडाचा कोपरा पट्टीला वर ढकलतो. पुढची सपाट कड आली की पट्टी तिच्यावर आदळते, तोच तुमचा टक्. खात्री करायची तर चाकू पाठीकडून उजेडात धरा आणि पातं अगदी हळू उघडा. पट्टीचं टोक किंचित वर येऊन परत खाली बसताना दिसेल. पातं मिटतानाही असाच आवाज होतो, मग तेव्हाही लॉक बसला म्हणायचं का? आवाजावरून एवढंच कळतं की पट्टीत चांगला ताण आहे. पातं अडकवून ठेवणारं आत काहीही नाही.

धारेनं पेरू कापताना किंवा दोरी तोडताना हे खपून जातं, कारण तेव्हा जोर पातं आणखी उघडण्याच्या दिशेनं पडतो. वर्षानुवर्षं असा चाकू वापरूनही लोकांना काही होत नाही ते यामुळेच, आणि म्हणूनच हा मेसेज खरा वाटतो. पण टोक खुपसून भोक पाडायला गेलात की टोक रुततं, मनगट जरा तिरकं होतं आणि जोर पात्याच्या पाठीवर येतो. पट्टीचा ताण तिथे पुरा पडत नाही. पातं मिटतं, आणि मिटताना धार नेमकी बोटांवर येते. याच चाकूंच्या बहुतेक मॉडेलांत भोक पाडायला वेगळा टोच्या दिलेला असतो. तो मुठीला काटकोनात उभा राहतो, त्यामुळे दाब सरळ खाली जातो. भाचीच्या चाकूलाही होता! मेसेजमध्ये त्याचा उल्लेख नाही.

हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. ब्रिटनच्या 1988 च्या क्रिमिनल जस्टिस अ‍ॅक्टचं कलम 139 पाहा. पात्याची धार 3 इंचांपर्यंत असलेला घडीचा खिशातला चाकू तिथे कारण न देता जवळ बाळगता येतो. पुढे हॅरिस खटल्यात कोर्टानं स्पष्ट केलं की लॉक होणारा चाकू या सवलतीत बसत नाही, कारण सवलतीतला चाकू कधीही, नुसता मिटवून मिटला पाहिजे. नेहमीचा स्विस चाकू या सवलतीत बसतो. टक् म्हणजे लॉक असता तर बसला नसता. लॉक आहे की नाही, यावर तिथे माणूस गुन्हेगार ठरतो की नाही हे अवलंबून आहे, आणि आपण ते आवाजावरून ठरवतोय.

‘स्विस आर्मी’वाल्या वाक्यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजानं मान्य करतो. सैन्याच्या 2008 च्या नमुन्याला खरोखर लॉक आहे. पण तो 111 मिलिमीटरचा वेगळा चाकू आहे, आणि मिटवण्यासाठी आतली पत्ती बाजूला सरकवावी लागते. तुमच्या खिशातला तो नव्हे.

दुसरा मुद्दा, लाग्योल या फ्रेंच घडीच्या चाकूच्या मुठीवरची मधमाशी दाबली की लॉक सुटतो. काही सुटत नाही. ती स्प्रिंगच्या टोकावरची नक्षी आहे.

तिसरा, जपानी हिगोनोकामीला ना स्प्रिंग ना लॉक, म्हणून तो डुप्लिकेट. याचा मला खरंच राग आला. जपानमधल्या मिकी गावात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हा चाकू असाच बनतो. वाकवलेल्या पत्र्याची मूठ, एक रिव्हेट आणि पात्याच्या बुडाला बाहेर आलेलं शेपूट. उघडल्यावर शेपूट मुठीवर टेकतं आणि त्यावर अंगठा ठेवायचा. अंगठा दाबून आहे तोवर पातं हलत नाही. म्हणजे नीट धरला तर मिटण्याच्या बाबतीत तो स्विस चाकूपेक्षाही भरवशाचा. पकड सुटली की मात्र रोखणारं काही नाही.

चौथा, ओपिनेल हा लाकडी मुठीचा फ्रेंच चाकू घट्ट झाला तर रात्रभर पाण्यात ठेवा. अहो, लाकडी मूठ पाणी पिऊन फुगते म्हणूनच तो घट्ट होतो! पावसाळ्यात राजगडावर नेला तरी पातं निघता निघत नाही. मुठीचं बूड दगडावर हलकेच आपटा, पातं नखात धरण्याइतकं बाहेर येतं. मग चाकू वाळू द्या. आणि हो, 1955 पासून पात्याच्या बुडाशी येणारी फिरती कडी हा खरा लॉक आहे, पण ती हातानं फिरवावी लागते. अगदी लहान मापाच्या ओपिनेलना ती नसतेच.

पाचवा, ‘6 इंचांच्या आतल्या चाकूला पोलीस हात लावू शकत नाहीत.’ शस्त्र नियमांच्या परिशिष्टात आकडा आहे तो 9 इंच लांबी किंवा 2 इंच रुंदीचा, 6 चा नाही. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली शहरात मनाई आदेश निघतात, त्यात सुऱ्यांचंही नाव असतं. असा आदेश लागू असेल तर पात्याची लांबी सांगून सुटका होणार नाही. गडावर न्यायचाच असेल तर सॅकच्या तळाशी, मिटवून न्या. कमरेला लावून स्वारगेटच्या एसटी स्टँडवर उभे राहू नका.