थांबा, अजून जेवू नका

साडू हे नातं मुळात निरुपद्रवी. सासुरवाडी एक, तिथला पंखा एक, कुरकुरीचे विषय एक. वर्षातून तीनचारदा भेटायचं, गाडी ॲव्हरेज किती देते ते विचारायचं, सासूबाई आग्रह करतील तेवढं जेवायचं आणि आडवं व्हायचं. आमचं असंच बरं चाललेलं. मग साडूंनी गिंबल घेतला.

गिंबल म्हणजे मोबाईल अडकवायचा दांडा, त्यात तीन मोटरी असतात, धरणारा कसाही हलला तरी मोबाईल हलत नाही. फक्त तो धरून चालायची एक पद्धत आहे म्हणे, गुडघे वाकवायचे, टाच आधी टेकवायची आणि हळूहळू पुढे सरकायचं. साडू पहिल्यांदा असे चालत अंगणातून ओटीवर आले तेव्हा सासूबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, ह्यांची कंबर कधीपासून धरलीय, आणि ताईने फोनवर काही सांगितलं कसं नाही.

तेव्हापासून आमच्या दोन्ही घरांत कुठलीही गोष्ट एकदाच होत नाही. दार उघडून आत यायचं, की परत बाहेर जाऊन परत आत यायचं कारण पहिल्यांदा साडू तयार नव्हते. ताट वाढलं की थांबायचं. वाटीतली आमटी हलली तर ती स्थिर होईपर्यंत थांबायचं. आधी निदान एवढ्यावर भागायचं, पण २९ जून २०२० ला टिकटॉक बंद झालं, पुढच्या महिन्यात इन्स्टाग्रामने रील्स आणले, मागोमाग यूट्यूबने शॉर्ट्स आणले आणि आमच्या हालात भर पडली. कारण यूट्यूबचा मोठा व्हिडिओ आडवा लागतो आणि रील उभा लागतो. आडव्यातून उभा कापून घेता येतो, हे मी सुद्धा सांगू शकतो, पण साडू म्हणतात त्याने फ्रेमिंगचा आत्मा जातो. त्यामुळे माझ्या मेहुण्याच्या मुलाने वाढदिवसाची मेणबत्ती आधी आडवी विझवली, मग पेटवून उभी विझवली, आणि तिसऱ्यांदा रडला.

तसा आपल्या लोकांना रिटेक नवा नाही म्हणा. माझ्या लग्नात, नव्वदच्या दशकात, व्हिडिओवाला हॅलोजन घेऊन आला होता, त्या उजेडात भटजींचं गंध ओघळलं, आणि मुहूर्त साधून घातलेला हार नीट आला नाही म्हणून त्याने परत घालायला लावला. म्हणजे माझं लग्न नक्की कुठल्या हाराने लागलं हा प्रश्न मी अजून कधीकधी बायकोला विचारतो. तीन तासांची कॅसेट होती, त्यात मध्येच आम्ही दोघं गुलाबाच्या फुलातून बाहेर यायचो. आता तिला बुरशी लागलीय, कोकणातल्या कपाटात होती ती. पण मुद्दा असा की तो माणूस पैसे घेऊन, जिलेबी खाऊन, निघून गेला. साडू जात नाहीत.

गणपतीला आम्ही सगळे सासुरवाडीला, गुहागरकडे असतो. मागच्या गणपतीत साडूंनी जाहीर केलं की उकडीच्या मोदकांचा व्हिडिओ करायचा. आता उकडीला स्वतःचा एक वक्तशीरपणा असतो. गरम असतानाच तेलपाण्याचा हात लावून मळायची, लगेच पारी करायची, सारण भरून कळ्या पाडून तोंड मिटायचं. गार झाली की कडा चिरतात आणि कितीही मनधरणी केली तरी जुळत नाहीत. सासूबाईंनी ती परातीत काढली आणि साडू म्हणाले, आई, एक मिनिट, व्हाईट बॅलन्स. कारण स्वयंपाकघराच्या एका खिडकीतून दिवसाचा निळसर उजेड आणि वरून पिवळा बल्ब, त्यात उकड एकीकडून निळी आणि एकीकडून पिवळी दिसत होती. बल्ब काढला. मग अंधार झाला. मग बाहेरची ट्यूब आत आणून लावली तर मोबाईलमध्ये काळे पट्टे वर सरकायला लागले. ह्याचं कारण मला आता तोंडपाठ आहे, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, आपल्या डोळ्यांना कळत नाही पण शटर १/६० वर असेल तर कॅमेऱ्याला कळतं, ते १/५० किंवा १/१०० वर आणलं की पट्टे जातात. हे सगळं साडूंनी सासूबाईंना शांतपणे समजावून सांगितलं. तोवर उकड गार.

दुसरी उकड काढली. आता साडूंना वाफ हवी होती. वाफ समोरून उजेड टाकला तर दिसतच नाही, मागून उजेड लागतो आणि तिच्या मागे काळोख लागतो. म्हणून मोदकपात्राच्या मागे, ओट्यावर, पन्नाशीच्या मला टॉर्च देऊन उकिडवं बसवलं आणि माझ्या मागे पडदा म्हणून मुलांना ताईची काळी चंद्रकळा धरायला सांगितली. ह्यावर सासूबाई पहिल्यांदा बोलल्या, गणपतीच्या दिवशी घरात काळं फडकवायचं नाही. मग गर्द जांभळी आली. झाकण उघडलं, वाफ सुंदर आली हे मान्य करावंच लागेल, पण ती सगळी माझ्या तोंडावर आली आणि साडू म्हणाले, तुमचा चष्मा चमकतोय, परत झाका.

नैवेद्य दोन वाजता दाखवला. आरती मात्र एका दमात झाली, कारण सासूबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, जावईबापू, देवाला दोनदा ओवाळायला माझी हरकत नाही पण मध्ये थांबवलंत तर बघा.

गंमत पुढे आहे. आम्ही बेसूर म्हटलेली आरती साडूंना पसंत पडेना, म्हणून त्यांनी बाजारातलं एक गाजलेलं रेकॉर्डिंग खाली लावलं आणि व्हिडिओ टाकला, तर कुठल्याशा म्युझिक कंपनीचा कॉपीराइट क्लेम आला. साडू हादरले. समर्थांनी लिहिलेल्या आरतीवर हक्क सांगणारे हे कोण, असं म्हणून ते संध्याकाळभर ओटीवर येरझाऱ्या घालत होते (गिंबल नसल्याने सरळ चालत होते). आरतीवर हक्क कोणाचाच नाही, पण त्या गायलेल्या रेकॉर्डिंगवर आहे, आणि ते ओळखणारी व्यवस्था यूट्यूबने २००७ पासून बसवलीय, असं त्यांच्याच मुलाने सांगितलं. शेवटी आमचीच आरती ठेवली. तिच्यावर अजून कोणी क्लेम केलेला नाही.

आता हे सगळं कशासाठी, तर मॉनेटायझेशनसाठी. यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा मिळायला १००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४००० तास बघितलं जाणं लागतं. ४००० तास म्हणजे १६६ दिवस आणि १६ तास, कोणीतरी न झोपता, न आंघोळ करता, नुसते साडू बघत बसायला हवेत. एवढा रिकामा माणूस आमच्या नात्यात एकच, मुंबईचे काका, आणि त्यांना मोतीबिंदू. त्यामुळे टार्गेट वाटून दिलेलं आहे. फॅमिली ग्रुपवर लिंक येते, खाली लिहिलेलं असतं, 'पूर्ण बघा, स्किप करू नका, सुरुवात विशेष बघा'. सुरुवात विशेष म्हणजे साडूंचं नाव समुद्रातून वर येतं, फिरतं, सोनेरी होतं आणि सनई वाजते. यूट्यूबवर २३ एप्रिल २००५ ला जो पहिला व्हिडिओ टाकला गेला तो मुळात १९ सेकंदांचा होता, सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात एक तरुण हत्तींसमोर उभा राहतो, ह्यांची सोंड फार लांब असते म्हणतो आणि संपतं. साडूंचं तेवढ्यात नावसुद्धा पूर्ण वर आलेलं नसतं.

आणि नुसतं बघून भागत नाही, कमेंट पण लागते. 'छान' चालत नाही, त्याने अल्गोरिदमला काही कळत नाही म्हणे. काहीतरी प्रश्न विचारा. म्हणून मी, ज्याने त्या मोदकाच्या मागे टॉर्च धरला, त्याच मी खाली विचारलंय, 'सर, वाफ कशी काय एवढी सुंदर आली?'

पावसाळ्यात ताम्हिणी घाट ठरलेला. तिथे साडूंना लागतो पासिंग शॉट, म्हणजे धुकं, वळण, आणि वळणावरून येणारी गाडी. गाडी माझी, कारण त्यांची पांढरी आहे आणि धुक्यात दिसत नाही. सगळे उतरून भुट्टे खातात, मी एकटा गाडी घेऊन वळणाच्या मागे जातो, फोनवर ॲक्शन ऐकतो आणि येतो. एकदा वायपर बंद होता, एकदा चालू होता, एकदा मी कॅमेऱ्यात बघितलं, एकदा मधे माकड आलं आणि साडू माकडावर खूष होऊन माझ्याकडे बघायलाच विसरले. शनिवारची गर्दी, त्यात मी घाटात यू टर्न मारतोय. मागून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरने काच खाली केली आणि अगदी सौजन्याने विचारलं, साहेब, शूटिंग असेल तर सांगा, आम्ही पण वळणावरून परत येतो.

ड्रोनचं सुदैवाने जमलेलं नाही. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन आपल्याकडे नॅनो धरतात आणि घरगुती हौशीला त्याचं लायसन लागत नाही, हे वाचून साडू पेटले होते. पण ड्रोन केवढाही असो, रेड झोनमध्ये परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि साडू राहतात पुण्यात विमाननगरला. लोहगावचा विमानतळ एअरफोर्सचा. एवढ्या मोठ्या पुण्यात फ्लॅट घेताना त्यांनी नेमकं तेच आकाश निवडलं ह्याबद्दल मी त्या बिल्डरचा आयुष्यभर ऋणी राहीन.

तर एवढे मोदक, धबधबे, सूर्यास्त (सूर्यास्त तर किती, गुहागरचा सूर्य आता आम्हाला बघून लवकर बुडतो), आणि व्ह्यूज तेच, नातेवाईक अधिक एक कोणीतरी इंदूरचा. मग एकदा आमच्या घरी चहाच्या वेळी स्टीलचा एक पेला दुसऱ्यात अडकला. हे प्रत्येक घरात होतं, ओढून निघत नाही, आपटून निघत नाही. बायकोने आतल्या पेल्यात फ्रीजचं गार पाणी ओतलं, बाहेरचा पेला गरम पाण्यात बुडवून धरायला मला सांगितलं, आतला आकसतो, बाहेरचा प्रसरण पावतो, टक करून सुटला. साडूंनी सवयीने मोबाईल धरला होता. ना नमस्कार मंडळी, ना सनई, ना व्हाईट बॅलन्स. पाऊण मिनिटाचा उभा तुकडा टाकून दिला आणि तो हजारोंनी बघितला गेला. कुठकुठल्या राज्यांतून लोकांनी हात जोडल्याची चिन्हं पाठवली. एका बाईंनी लिहिलं, चार वर्षांपासून अडकलेला पेला निघाला, तुमचं भलं होवो. व्हिडिओत माझे फक्त दोन हात आहेत. सर्वात जास्त लाईक मिळालेली कमेंट आहे, 'काका, आधी नखं कापा'.

शॉर्ट्सच्या फीडमध्ये बघितलेलं त्या ४००० तासांत धरत नाहीत, त्यासाठी वेगळी अट आहे, ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज. साडू आता त्या मागे आहेत. सूर्यास्त बंद. आता ते आमच्याकडे येतात तेच पान्हा घेऊन, आणि दारातच विचारतात, काय बिघडलंय. काही नाही म्हटलं की चेहरा पडतो. मग स्वतःच नळ उघडझाक करून बघतात, कुकरची शिट्टी काढून उजेडात धरतात, आणि मागच्या वेळी आमचं चांगलं लागणारं कपाटाचं दार त्यांनी इतक्या वेळा लावून बघितलं की ते आता लागत नाही. त्याचा भाग दोन येतोय.

ह्या मंगळवारी आमच्या फ्लशची टाकी गळायला लागली. मी प्लंबरला फोन केला, बायकोने ताईला केला, आणि प्लंबर जिना चढायच्या आत साडूंचा आला. "त्याला हात लावू देऊ नका, मी रविवारी येतो. सकाळी तुमच्या बाथरूमच्या खिडकीतून उजेड फार छान येतो."

"अहो, पण रविवारपर्यंत गळत ठेवायची का?"

"मग? गळताना दिसायला नको? बादली लावा, पण निळी लावू नका, टाइल्सशी मॅच होते. आणि नखं कापून ठेवा."